भुतांच्या घरातली शालन

मार्च आला की आमच्या घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे पहाटेचे गजर आणि दुसरी म्हणजे भुतांचा सिनेमा. माझी मुलगी ईशा यंदा दहावीला आहे. पेपर देऊन आली, जेवली, की ती सोफ्यावर आडवी होते आणि तो कार्टूनचा सिनेमा लावते. पहिलीत असल्यापासून तिने तो किती वेळा पाहिलाय देव जाणे. "मेंदूला जरा आराम गं," म्हणते. प्रमेयं पाठ नाहीत, हे मात्र पाठ आहे, असं मी म्हणायचं आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवायचा, हे आता ठरूनच गेलंय.

सिनेमा तसा गमतीचा आहे. एका साध्यासुध्या गावात, स्वच्छ रंगवलेल्या घरांच्या ओळीत, एक काळपट वेडंवाकडं घर. त्यात राहणारी माणसं म्हटली तर भुतं, म्हटली तर नाहीत. आजोबा भिंतीवरच्या घड्याळात राहतात आणि दर तासाला दार उघडून चहा मागतात. आईच्या मानेवर डोकं नीट बसत नाही, म्हणून ती स्वयंपाक करताना ते फडताळावर ठेवते. मुलगी धुक्याची आहे, फार हसली की विरून जाते, मग सगळ्यांनी तिला पंख्याने गोळा करायचं. आणि हे सगळे एकमेकांवर इतकी माया करतात की बघताना आपल्या घरातलं वातावरण उगीच कोरडं वाटायला लागतं. समोरच्या घरात एक बाई आहे. ती दिवसभर पडदा बाजूला करून या घराकडे बघते आणि यांना गावाबाहेर काढा म्हणून सह्या गोळा करते.

परवा बीजगणिताचा पेपर देऊन आल्यावर ईशाला काय सुचलं कोण जाणे, ती आम्हाला भूमिका वाटू लागली. बाबा म्हणजे घड्याळातले आजोबा, कारण चहा. ती स्वतः धुक्याची मुलगी. मी विचारलं, मी कोण? ती म्हणाली, "तू ती पडदेवाली." मी खिडकीतून सोसायटीत कोण आलं, कोण गेलं बघत असते म्हणून ती तसं म्हणाली, दुसरं काही नाही. तिचे बाबा खो खो हसले. मलाही हसायला हवं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच ओटा पुसत राहिले.

आमच्या लहानपणी शिवाजी पेठेत असं एक घर खरंच होतं. पेठेतली पोरं त्याला भुताचं घर म्हणायची. बोळाच्या तोंडाशी, आमच्या दारापासून शंभर पावलांवर. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात मयताचं सामान मिळायचं. भिंतीला टेकवून ठेवलेले कळक, म्हणजे तिरडीचे बांबू, सुतळीचे गुंडे, एकात एक घातलेली मडकी, पांढऱ्या कापडाचा तागा, गुलाल, अबीर. शालन त्या घरातली. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर.

त्या घराइतकं हसणारं घर मी पुढे कधी पाहिलं नाही. शालनचे वडील, तात्या, दुपारी अर्धवट बांधलेल्या तिरडीवर आडवे होऊन झोपायचे. गादीपेक्षा पाठीला बरं, म्हणायचे. एकदा एक गिऱ्हाईक आलं आणि तात्या तिरडीवरून उठून बसले, तेव्हा तो माणूस चप्पल टाकून पळाला. ती गोष्ट ते घर वर्षभर सांगत होतं आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसत होतं. शालनची अक्का, म्हणजे तिची आत्या, उन्हाळ्यात त्याच पांढऱ्या ताग्यातला तुकडा गच्चीवर पसरून सांडगे घालायची. पेठेतल्या बायकांना ते बघवत नसे. मडक्यांतलं एक मात्र घरच्या पाण्यासाठी असायचं, आणि त्यातलं पाणी अख्ख्या पेठेत सगळ्यांत गार. मी ते पुष्कळदा प्याले. घरी सांगितलं नाही.

त्या दुकानाच्या काही रीती होत्या. गिऱ्हाइकाला 'परत या' म्हणायचं नाही. काय पाहिजे, असंही विचारायचं नाही, फक्त विचारायचं, "उंची किती?" कारण कळक तेवढा तोडावा लागतो. घरच्या माणसांना पुष्कळदा सांगता येत नसे. ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्याची उंची कोणी मोजलेली नसते. मग तात्या अंदाज घ्यायचे. ही विद्या शालनकडे जन्मतःच आली होती. कुणाकडेही एकदा बघितलं की ती फूट-इंचात सांगायची. वर्गात नवीन बाई आल्या की आम्ही तिच्याकडे वळायचो आणि ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, "पाच, दीड." बाईंना ते कळलं असतं तर त्यांनी तिला वर्गात बसू दिलं नसतं.

पण खरी रीत वेगळीच. त्या घरातलं कुणीही बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या पायरीवर चढत नसे. कडी वाजवणं तर दूरच. एकदा मी तात्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाळ, आमी दारात हुबं ऱ्हायलो की घरच्यांच्या काळजात धस्स हुतंय. कोण गेलं म्हणून." म्हणून काम असलं तर ती माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, विजेच्या खांबाजवळ उभी राहायची. आतल्यांचं लक्ष गेलं आणि हाक आली, तर पुढे व्हायची. नाही तर उभीच. शालनही शाळेला जाताना तशीच थांबायची. मी खाली उतरले की चालायला लागायची. पाच वर्षांत ती कधी आमच्या दारापर्यंत आली नाही आणि मीही तिला 'ये की वर' असं कधी म्हटलं नाही. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. ती खांबाजवळ असते, हे मला सूर्य उगवतो तसं ठाऊक होतं.

दहावीचा तो मार्च. गुऱ्हाळं संपत आलेली असायची, तरी वारा सुटला की गुळाचा वास पेठेपर्यंत यायचा. मैदानावर फुटबॉलचे सामने रंगात आलेले. प्रमेय अर्ध्यावर असताना गोलाचा गलका उठायचा आणि गल्लीतल्या तालमीतली पोरं बोंबलत जायची. आई खिडकी लावून घ्यायची, मग खोलीत उकडायचं. शालन आणि मी त्यांच्या गच्चीवर अभ्यास करायचो, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या कडेला. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. भूमिती तर तिच्या हातातच होती. कोन न मोजता काढायची आणि मागाहून कोनमापक लावून बघितला की तो बरोबर असायचा. तिला डिप्लोमाला जायचं होतं, इमारतींचे नकाशे काढायला शिकायचं होतं. अक्का चेष्टेत म्हणायची, आमच्या घरातनं एकानं तरी जित्त्या माणसांसाठी काय तरी बांधावं.

मराठी, हिंदी, इंग्रजी हे तिन्ही पेपर आम्ही बरोबर दिले. ती खांबाजवळ, मी खाली उतरायचे, मग दोघी चालत केंद्रावर. चौथा बीजगणिताचा. तो मला फार अवघड गेला. दोन गणितं सोडूनच दिली. रडत घरी आले. आईने पाठीवरून हात फिरवला, ताक दिलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "रोज सकाळी उठून पयलं तोंड त्याच घरचं बघत्यास तू. मी काय वाईट म्हणत न्हाई तिला. पोरगी गुणाची हाय. पण परीक्षेपुरतं तरी मागल्या दारानं जा की."

आई वाईट बाई नव्हती, आजही नाही. अक्काला बरं नव्हतं तेव्हा भाकरी-पिठलं करून तिनेच माझ्या हाती पाठवलं होतं. आणि सगळं आईवर ढकलून मोकळं व्हायची सोय मला नाही. ती फक्त बोलली, गेले मी. मला ते पटलं होतं, हे खरं. न सुटलेल्या दोन गणितांपेक्षा शालनचा चेहरा मला जास्त सोपा वाटला.

भूमितीच्या दिवशी मी मागच्या दारातून निघाले. तिथून दुसराच एक अरुंद बोळ पुढच्या वळणावर मोठ्या रस्त्याला लागतो. बोळात मोऱ्या होत्या, मी परकर-पोलक्यातल्या पोरीसारखी उड्या मारत गेले. वळणावर आले तेव्हा खांबाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

वर्गात माझ्या पुढच्या दुसऱ्या बाकावर तिचा नंबर होता. बाक रिकामा. पेपर वाटले, पहिली घंटा झाली, बाक रिकामाच. सोपा पेपर होता. मी प्रमेय लिहीत होते आणि मध्येच मान वर करून बघत होते. अर्ध्या तासाची घंटा झाली आणि शिपायाने फाटक लावल्याचा आवाज आला. त्यानंतर कुणाला आत घेत नाहीत. मी कंपासचं टोक कागदावर टेकवलं आणि वर्तुळ काढलं. ते नीट आलं. माझा पेपर फार चांगला गेला.

बाहेर आले तर शालन फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसली होती, कंपासपेटी मांडीवर ठेवून. तिने मला विचारलं, "सोपा हुता?" मी हो म्हटलं. मग म्हटलं, मला वाटलं तू आज पुढे गेलीस, म्हणून मी थांबले नाही. ती म्हणाली, "व्हय, मला जरा उशीर झाला." आम्ही बरोबर घरी आलो. रस्ताभर मी बोलत होते, कोणता प्रश्न कितीला आला ते सांगत होते. एवढी निर्लज्ज बडबड मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली नसेल.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला ती बसली नाही. का, ते मी विचारलं नाही. मी अकरावीला गेले आणि बाक बदलले, मैत्रिणी बदलल्या. ती दुकानात बसू लागली. पुढे तात्या गेले, अक्का गेली, त्यांच्यासाठीचे कळक तिनेच तोडले असं ऐकलं. मी लग्न होऊन उपनगरात आले. माहेरी जाताना त्या दुकानावरून गाडी काढावी लागते, तिथे मी नेहमी वेग वाढवते.

आणि मी काय झाले तर गणिताची शिक्षिका. पोरांना भूमिती शिकवते. देवाने काही ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण कुणी केलं असेल तर त्याला विनोदबुद्धी आहे. दर मार्चला मी पर्यवेक्षक असते. अर्ध्या तासाची घंटा झाली की इतर बाई सह्या घेतात, मी खिडकीतून फाटकाकडे बघते. एखादं पोर धापा टाकत येतं आणि शिपाई हात हलवून नाही म्हणतो, तेव्हा मी मान फिरवते. सहकारी म्हणतात, बाई फार हळव्या आहेत. तो हळवेपणा नाही, भीती आहे. कुणीतरी ओळखेल याची.

ईशाच्या सिनेमात शेवटी सगळं ठीक होतं. गावावर काहीतरी संकट येतं, भुतं गावाला वाचवतात आणि मग धुक्याच्या मुलीचा वाढदिवस. सगळं गाव त्या वाकड्या घरात जमतं, नाचतं. पडदेवालीला केकचा पहिला तुकडा मिळतो. ती डोळे पुसते आणि खाते. ईशा लहान होती तेव्हा तिला तो भाग सगळ्यांत आवडायचा. मला त्याच भागाचा राग येतो. दीड तासात माफी, वर केक! आणि तिने गोळा केलेल्या त्या सह्यांचे कागद कुठे गेले, हे कुणी दाखवत नाही. मला वाटायचं, मी निदान जाऊन सांगितलं असतं. केकला हात लावायच्या आधी सांगितलं असतं. असं वाटण्यात मी तीस वर्षं काढली.

काल दुपारी ईशाने पुन्हा तो सिनेमा लावला. आज तिचा भूमितीचा पेपर. मी म्हटलं, जरा आजीकडे जाऊन येते, आणि स्कूटर काढली. आजीकडे गेले नाही. बोळाच्या तोंडाशी थांबले.

दुकान तसंच आहे. पाटी नवीन झालीय, कळक तसेच टेकवलेले. शालन खाली पाटावर बसून सुतळी गुंडाळत होती. केस पिकलेत. सावली पडली तशी मान वर न करता तिने विचारलं, "उंची किती?"

मी म्हटलं, कोणी गेलं नाही शालन, मी वैशाली. तिने वर बघितलं. खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हसली. "पाच, तीन. तेवढीच ऱ्हायलीस की." मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "काकू?" आई बरी आहे, मी सहज आलेय, असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "हितं सहज कोण येत न्हाय, वैशे." पण तिने दुसरा पाट सरकवला.

मी बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बीजगणित, आईचं बोलणं, मागचं दार, बोळ, आणि नंतर कट्ट्यावर बोललेलं खोटं. इतकी वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती, ती भराभर आली. तिने सुतळीचा गुंडा मांडीवर ठेवला.

"मला ठाव हाय की," ती म्हणाली. "बोळातनं भाईर पडताना बघितलं मी तुला. वही छातीशी धरून पळत हुतीस."

मग हाक का मारली नाहीस, मी विचारलं.

"हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस," शालन म्हणाली. "पेपर हुता तुझा. बीजगणित वाईट गेलतं. मलाबी तसंच वाटत हुतं, माझ्यामुळं गेलं म्हणून."

आमच्याकडच्या पोरी आलो, गेलो असंच बोलतात, पुरुषांसारखं. तशीच ती पुढे सांगत राहिली, अगदी साध्या आवाजात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. "तुला म्होरं जाऊ दिलं. मग निघालो तर रस्त्यात समद्या आपल्याच वर्गातल्या पोरी. म्हटलं, पेपर काय एकट्या वैशीचा न्हाय, सगळ्यांचाच हाय. म्हणून मग रंकाळ्याच्या तळ्याकडनं फिरून गेलो, कोण भेटू नये म्हणून. लई लांब पडलं ते."

मला वाटत होतं, ती खांबाजवळ माझी वाट बघत राहिली. तीस वर्षं मी तेवढ्याच अपराधाचं ओझं घेऊन फिरत होते. ते हसणारं घर, तिरडीवर झोपणारे तात्या, सांडगे घालणारी अक्का, यांना भीती शिवलेली नाही असं मला वाटायचं. ते आम्हाला हसतात असंही कधी वाटायचं. आमची सगळ्यांची भीती त्या घरातली एक पोर स्वतःच्या अंगावर घेऊन रंकाळ्याला वळसा घालून चालत होती, हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी माफी मागायला गेले होते. आता नेमकी कशाची मागायची तेच कळेना. मी तिचा हात धरला तर तिने हळूच सोडवून घेतला. ऑक्टोबरला का बसली नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, "परत त्योच रस्ता की गं."

मग तिने माझ्या घरच्यांची चौकशी केली. मुलगी दहावीला आहे आणि उद्या तिचा भूमितीचा पेपर आहे, हे कळलं तशी ती पाटावरून उठलीच. मलाही उठवलं.

"मग जा आता. आनि घरात शिरल्या शिरल्या अंगावर पानी घे. मगच पोरीजवळ जा. ऐक माझं."

असलं काही नसतं शालन, मी म्हणाले, वर्गात बोलते त्या आवाजात.

"नसंल," ती म्हणाली. "पण पेपर हाय."

तिने चहा विचारला नाही, परत ये म्हणाली नाही. मी स्कूटर चालू करेपर्यंत दारात उभी राहिली, मग मी वळायच्या आधी आत गेली.

घरी आले तेव्हा ईशा पुस्तक उघडून बसली होती. मी दारात असतानाच तिने हाक मारली, आई, ये ना, दोन प्रमेयं विचार मला. मी म्हटलं, आले, पाच मिनिटं. तिच्या बाजूने न जाता भिंतीच्या कडेने गेले. न्हाणीघराची कडी लावली आणि साडीसकट डोक्यावरून पाणी घेतलं. हे लिहायचं नव्हतं, पण मग बाकीचं लिहून तरी काय उपयोग.

ईशाने बाहेरून विचारलं, या वेळेला आंघोळ कसली गं?

मी म्हणाले, फार उकडतंय.